तीन मंगचं पुस्तक

थूल ग्रेडर पुस्तकाचं नाव बघत नाहीत. लेखकाचं तर नाहीच नाही. पुस्तक हातात आलं की ते आधी वरून उघडतात, मग पोटातून, मग बुडातून, आणि प्रत्येक ठिकाणी चार ओळी मोठ्यानं वाचतात. वाचता वाचता एखादं वाक्य ऐन रंगात आलं, की अर्ध्यावरच पुस्तक फाटकन मिटतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि कोपऱ्यातल्या माठाकडे पाणी प्यायला जातात. अगदी सावकाश. पेला विसळतात, भरतात, उजेडात धरून बघतात. तेवढ्या वेळात समोर बसलेलं पोर "मंग?" म्हणालं तर पुस्तक पास. नाही म्हणालं तर पुस्तक नापास.

पोर मात्र त्यांच्याकडे कधीच नापास होत नाही. माझ्या वर्गात नेमकं उलटं होतं.

मी पांढरकवड्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. एम.ए. आहे, आणि तेही मराठीत. हे मी कुणी न विचारता सांगतो, ही माझी जुनी खोड आहे. थूल काकांना मी पहिल्या भेटीत हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असू द्या. मी कोणाले सांगत नाई."

थूल काका खरे ग्रेडर होते, कापसाचे. खरेदी केंद्रावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची आणि काका एकेका बंडीत खांद्यापर्यंत हात खुपसायचे. वरचा कापूस वेगळा, पोटातला वेगळा, बुडातला वेगळा. वरून सगळेच आपली बंडी सजवून आणतात, असं त्यांचं म्हणणं. मग चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचे, धाग्याची लांबी बघायचे आणि तोंडातून एकच शब्द काढायचे. त्या शब्दावर हुज्जत घालणारा माणूस मी पाहिला नाही. पुढे ती वाईट वर्षं आली. कापसाचा भाव पडला, बंड्यांची रांग आखूड होत गेली, आणि एका हंगामात केंद्राचं फाटक उघडलंच नाही. काकांची खुर्ची गेली. गावात त्या वेळी सगळ्यांचंच काही ना काही गेलेलं होतं, त्यामुळे काकांच्या खुर्चीसाठी कुणी वेगळं हळहळलं नाही.

काकांनीही हळहळ केली नाही. विहाराच्या बाजूला एक रिकामी खोली होती, तिथं त्यांनी मुलांची लायब्ररी उघडली. काहून, असं विचारलं तर म्हणाले, "हात रिकामा राह्यला का खाजवते, मास्तर."

पुस्तकं शहरातून यायची. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात रोज छापून येत होतं, आणि दूरदूरच्या भल्या माणसांना वाटायचं की आपण यवतमाळला काहीतरी पाठवावं. कुणी पुस्तकांची खोकी पाठवली. काका खोक्यात हात घालायचे, तसाच, खांद्यापर्यंत. वर चकचकीत चित्रांची पुस्तकं. पोटात जुन्या परीक्षांची गाइडं. बुडात कोऱ्या न राहिलेल्या डायऱ्या, आणि एकदा तर वजन कसं घटवावं याचं जाडजूड पुस्तक. "सजवलेली बंडी हाय," काका म्हणाले. वजनाचं पुस्तक त्यांनी हातात तोललं, माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि ते मला दिलं. माझ्याकडे ते अजून आहे. चाळीसाव्या पानापर्यंत वाचून झालं आहे.

मी त्या खोलीत गेलो कसा, हे सांगायला हवं, कारण स्वखुशीनं गेलो नव्हतो.

माझी मुलगी गुड्डी तेव्हा चौथीत होती. पुण्यात माझा एक चुलतभाऊ राहतो. त्याचा आठ वर्षांचा मुलगा फोनवर मला म्हणाला, "काका, मी या महिन्यात अकरा पुस्तकं वाचली." मी लगेच म्हणालो, "आमची गुड्डीही वाचते हो, खूप वाचते." फोन ठेवला आणि गुड्डीकडे पाहिलं. ती अंगणात दोन कोंबड्यांचं लग्न लावत होती. मी त्याच आठवड्यात चुलतभावाकडून पुस्तकांची यादी मागवली. आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, उत्तम, संस्कारक्षम वगैरे. नागपूरला जाऊन पिशवी भरून आणली. एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसलो, आणि शेजाऱ्याला दिसावीत म्हणून पिशवीचं तोंड उघडं ठेवलं.

गुड्डीनं तीन पुस्तकं वाचली. मी रोज संध्याकाळी तिला विचारायचो, यातून आपण काय शिकलो? चौथं पुस्तक तिनं गादीखाली लपवलं. मी ते शोधून काढलं, तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमची पुस्तकं मले रागावतात."

मी म्हणालो, "मले नाही, मला."

ती म्हणाली, "पाहा."

त्यानंतर ती पुस्तकाजवळ फिरकेना. मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. माझ्या वर्गातली नववीची मुलं मराठीचं पुस्तक उघडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरतं ते मला चांगलं ओळखीचं आहे. तेच मी गुड्डीच्या चेहऱ्यावर पाहिलं. आणि तिथं ते दुसऱ्या कुणी नाही, मीच पिशवी भरून आणून ठेवलं होतं.

बायको म्हणाली, "तिला थूल भाऊंकडे घेऊन जा."

"अगं, ते कापसाचे ग्रेडर आहेत!"

"आणि तुम्ही एम.ए. आहात. तुम्ही काय दिवे लावले?"

मी पिशवी घेऊन निघालो. गुड्डी माझ्या मागं चार हात अंतर ठेवून, इंजेक्शन घ्यायला चालल्यासारखी.

काकांनी पिशवीतली बाराही पुस्तकं सतरंजीवर मांडली. पहिलं उचललं. वर, पोट, बूड. शेवटच्या पानावर अंगठा दाबून धरला, आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "ओल हाय."

"ओल?"

"पाणी मारलं हाय. पोटापर्यंत माल साजरा हाय, पाहा. पोरगं झाडावर चढलं, झाडावर माकड हाय, सारं मस्त. अन् बुडात आलं का हा मानूस पोराले खाली उतरवते, समोर बसवते अन् सांगते का मोठ्याईचं आयकावं. माकड कोठी गेलं? माकडाचं काईच नाई सांगत. कापसावर पाणी मारते लोक, वजन वाढवाले. तसंच हे."

मला त्या पुस्तकातला शेवटचा परिच्छेद सगळ्यात जास्त आवडला होता. मी त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. काकांनी ती रेघ पाहिली आणि पुस्तक मिटलं.

दुसरं पुस्तक त्यांनी वरूनच बाजूला ठेवलं. "कवडी." नीट न उमललेल्या बोंडातला पिवळा, गोळा झालेला कापूस म्हणजे कवडी. तो वेगळा काढून टाकतात. माझ्या पिशवीत सात कवडी निघाली, तीन ओली. दोन पुस्तकं राहिली. त्यातलं एक काकांनी मला दिलं. "हे बरं वाटून राह्यलं. वाचा, तुम्ही वाचा पोरीले."

मी घसा साफ केला. शाळेत परिपाठाला मी सुविचार वाचतो, त्या आवाजात सुरुवात केली. एक परिच्छेद झाला. पूर्णविराम आला. मी थांबलो, पुस्तक मिटलं, माठाकडे गेलो, पाणी प्यायलो, परत आलो. गुड्डी सतरंजीचा एक दोरा उसवत बसली होती.

"पूर्णविरामावर काहून थांबले?" काका म्हणाले. "पूर्णविरामावर त बैलबी थांबते."

मग तेच पान त्यांनी स्वतः वाचलं. आपल्या रोजच्या आवाजात, जसं ते बाजारात वांग्यांबद्दल बोलतात तसं. "अन् म्हातारीनं पेटीचं झाकण उचललं त आतमंधी..." फाटकन पुस्तक मिटलं आणि उठले.

पेला विसळून व्हायच्या आत गुड्डी म्हणाली, "मंग?"

काका परत येऊन बसले. "पुस्तक चांगलं हाय, मास्तर. वाचनारा ओला हाय."

गुड्डी हसली. पुस्तकाच्या आसपास ती कित्येक दिवसांत हसली नव्हती, त्यामुळे हसणं माझ्यावर होतं याचं मला वाईट वाटलं नाही. फार वाटलं नाही.

घरी मी सराव सुरू केला. वाक्याच्या मधोमध थांबायचं आणि पाणी प्यायचं. पहिल्याच दिवशी चार पेले प्यायलो. बायकोनं विचारलं, "उन्हात फिरला होता का?" गुड्डी एकदाही मंग म्हणाली नाही. पाचव्या पेल्यावरून मी परतलो तेव्हा ती अंगणात होती आणि कोंबड्यांचा काडीमोड चालला होता. पुढे पुढे ती शाळा सुटली की दप्तर टाकून स्वतःच विहाराकडे पळायला लागली. मी तिच्यामागून जायचो. बायकोला सांगायचो, तिला सोबत हवी.

काकांनी प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवलेली असायची. खरेदी केंद्राचे जुने कोरे कागद त्यांनी कापून ठेवले होते. त्यावर तीन शब्द, वर, पोट, बूड, आणि खाली मुलाचं नाव आणि किती मंग. एक मंगचं पुस्तक मध्यम. दोनचं चांगलं. तीन मंगचं पुस्तक म्हणजे त्यांच्या भाषेत सुपर, आणि ते त्यांच्या टेबलाजवळच्या फळीवर जायचं. फळी लहान होती आणि तरी भरलेली नव्हती.

गुड्डीचं पुस्तक एका दान आलेल्या खोक्याच्या अगदी बुडात निघालं, गाइडांच्या खाली चेपलेलं. त्याला कव्हर नव्हतं. शेवटची पानंही नव्हती. एक बकरी गावाच्या फाट्यावर बसमध्ये चढते, सीटखाली जाऊन बसते आणि कंडक्टरची सगळी तिकिटं खाऊन टाकते, एवढीच गोष्ट. गुड्डी पाच वेळा मंग म्हणाली. पाचव्या वेळी तर काका उठलेही नव्हते.

काकांनी चिठ्ठी लिहिली. मी डोकावलो. "वर चांगला. पोट चांगलं. बूड नाही. ग्रेड देता येत नाही."

"पण मी पाच वेळा मंग म्हणलं!" गुड्डी ओरडली.

"म्हणलं नं. पण बूड पाह्यल्याबिगर मी आजवर कोणाचा माल पास केला नाई, बाई. तुह्यासाठी करू का?"

"हो."

"नाई करत."

ग्रेड मिळाली नाही तरी गुड्डीनं ते पुस्तक सोडलं नाही. रोज जाऊन वाचायची. शेवट रोज वेगळा करायची. एकदा बकरी ड्रायव्हर झाली. मला इतका आनंद झाला की मी पुण्याला फोन लावला. म्हणालो, गुड्डीनं एक पुस्तक पंधरा वेळा वाचलं, तुझ्या मुलालाही ते आणून दे. चुलतभाऊ वही-पेन घेऊन बसला.

"नाव सांग."

"नाव नाही."

"लेखक?"

"लेखकही गेला."

"अरेरे! कधी?"

"कव्हरबरोबरच."

त्यानं पेन ठेवल्याचा आवाज आला. आमच्यातलं बोलणं त्यानंतर थोडं कमी झालं आहे.

एका रविवारी सकाळी मी काकांना मदत करायला बसलो. म्हणजे काकांनी बोलावलं नव्हतं, पण चिठ्ठ्या नीट वर्गवार लावायला एखादा शिकलेला माणूस हवा, असं माझं मत झालं होतं. गुड्डी कोपऱ्यात बकरी घेऊन बसली होती. चिठ्ठ्या लावता लावता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक चिठ्ठीवर दोन नावं आहेत. वरच्या ओळीत गुड्डी, किंवा अस्मिता, किंवा इमरान, आणि पुढे मंगचा आकडा. खालच्या ओळीत दर वेळी एकच नाव, परी. आणि त्यापुढची जागा कोरी. चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरही कोरी.

मी म्हणालो, "काका, ही परी कोण? हिला एकही पुस्तक आवडलं नाही का?"

काका उठले आणि माठाकडे गेले. हातात कुठलंच पुस्तक नव्हतं.

परत येऊन म्हणाले, "नात. हैदराबादले राह्यते. गुड्डीएवढीच हाय."

मुलगा हैदराबादला नोकरीला लागला, तिथंच घर केलं. परीला आपली बोली समजते, कारण आईबाप घरात बोलतात. वाचता येत नाही, शाळा इंग्रजी. "मी पुस्तकं पाठोतो. इथून हायवेनं ट्रक जातेच, ओयखीचा डायवर पाहून देतो. सून म्हणते, बाबा, शोकेसमंधी साजरे ठेवले हायेत." त्यांनी एक चिठ्ठी उचलून परत ठेवली. "आयतवारी फोन करते पोट्टी. आजोबा, खाना खाया? हो. तू जेवली? हाँ. अभ्यास झाला? हाँ. संपलं. चार शब्दात धागा तुटते, मास्तर. आखूड धागा हाय. तिचा नाई, माहा."

"मग तुम्हीच फोनवर वाचून दाखवा की. तुमच्यासारखं कोण वाचतं!"

"वाचलं नं एकखेप. तीन मंगचं पुस्तक होतं. बराबर जाग्यावर थांबलो, माठाकड गेलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वापस आलो त फोन कटला होता."

मी वर्गात एका प्रश्नावर चाळीस मिनिटं बोलू शकतो. त्या वेळी मी हातातल्या चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या.

"म्हून पाहून राह्यलो," काका म्हणाले. "नऊ वर्साच्या पोरीले काय सांगाव का ते पुढं इचारन. माह्याजवळ दुसरं साधन नाई. तुमच्या पोट्ट्याईवर पाहून राह्यलो."

कोपऱ्यातून गुड्डी म्हणाली, "आज आयतवारच हाय."

मी तिला दुरुस्त केलं नाही. रविवार म्हणायला माझी जीभ वळवळली होती, पण राहू दिलं.

"लावा नं फोन," ती म्हणाली. "मी वाचतो." काकांच्या संगतीत ती वाचतो, जातो असंच बोलायला लागली होती.

काकांजवळ एक चायना मोबाइल होता, त्याचा स्पीकर खोलीबाहेर ऐकू जायचा. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि नंबर लावला. "आजोबा, खाना खाया?" पलीकडून आवाज आला. काका म्हणाले, "हो. हे गुड्डी हाय. थे तुले काई..." कपाळावर घाम आला होता. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी बंड्यांची रांग थांबायची, तो माणूस नऊ वर्षांच्या मुलीसमोर असा घामाघूम झालेला मी पाहिला.

गुड्डीनं ओळखदेख केली नाही. "परी, आयक," म्हणाली आणि वाचायला लागली. फाटा, बस, बकरी, सीट. रोजच्या आवाजात. कंडक्टर वाकला, त्यानं सीटखाली पाहिलं. त्याच्या हातातली पेटी रिकामी होती. "कंडक्टर म्हणाला, तिकिटं कुठायत? तेव्हा बकरीनं हळूच तोंड उघडलं आणि..."

पुस्तक इथंच संपत होतं. पुढची पानं नव्हती. गुड्डीनं ते फाटकन मिटलं आणि उठून माठाकडे गेली. पेला विसळायला लागली. सावकाश.

काकांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. फोनमधून लांबचा टीव्ही ऐकू येत होता, कुणीतरी भांडी लावत होतं. मला वाटलं, संपलं. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

"फिर?"

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, फिर म्हंजे मंगच नं?"

"मंगच," मी म्हणालो. "शंभर टक्के मंग." माझ्या एम.ए.चा इतका चांगला उपयोग आजवर झालेला नाही.

काकांनी बकरीची चिठ्ठी ओढली. परीच्या नावापुढं एक काढला.

"फिर क्या हुआ? आजोबा!"

"दोन," गुड्डी माठाजवळून म्हणाली. मग तिनं पुस्तक उलटं करून काकांना दाखवलं. बूड नव्हतं.

काकांनी पुस्तकाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. बुडात दुसऱ्याच कुणाचा माल भरलेली बंडी त्यांनी जन्मात पास केली नव्हती. त्यांनी फोन दोन्ही हातांत उचलला.

"मंग काय," ते म्हणाले, "बकरी म्हणे, कंडक्टरसाहेब, तिकिटं सारे माह्या पोटात हायेत. आता मले उतरवसान त सारी बस बिनतिकिटाची होते." पलीकडे परी खिदळली. काका थांबलेच नाहीत. कंडक्टर डोकं खाजवत बसला, बस घाटातून निघाली, पैनगंगेच्या पुलावर बकरीला उलटी झाली आणि चार तिकिटं बाहेर आली, ती कुणाची यावरून भांडण जुंपलं. मी बघत होतो. दोन मिनिटांत संपणाऱ्या फोनला वीस मिनिटं झाली होती.

"अन् बस हैदराबादले पोचली. बकरी उतरली. इचारत इचारत एका गल्लीत गेली, तिसऱ्या माळ्यावर चढली, शिंगानं घंटी वाजवली. दार उघडलं, अन् दारात पाहते त..."

काकांनी फोन टेबलावर ठेवला. चष्मा कपाळावर चढवला आणि माठाकडे गेले.

"कौन था? आजोबा, दरवाज़े में कौन था? फिर? आजोबा, फिर?"

गुड्डी बोटांवर मोजत होती. एका हाताची बोटं संपली, तिनं दुसरा हात घेतला. काका आमच्याकडे पाठ करून माठासमोर उभे होते. पेला भरून झाला होता. त्यांनी तो उजेडात धरला नाही आणि तोंडालाही लावला नाही.